बंदरापासून अरण्यापर्यंतची वाट

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रासाठी आम्ही दोघे अमरावतीहून गोव्यास गेलो होतो. शेवटचा दिवस मोकळा होता, म्हणून फोंड्याजवळचे एक मसाल्याचे कुळागर पाहावयास निघालो. त्या दिवशी मुरगाव बंदराला परदेशी पर्यटनजहाज लागले होते, आणि त्यावरील प्रवाशांच्या बसगाड्या आमच्या आधीच तेथे पोहोचल्या होत्या. प्रत्येकाच्या छातीवर आपापल्या गाडीचा क्रमांक चिकटवलेला. पुढे हातात फलक धरलेला मार्गदर्शक. सकाळी उतरायचे, देवळे आणि चर्च पाहायची, 'वर्षावना'त तासभर फिरायचे, केळीच्या पानावर जेवायचे आणि जहाजाचा भोंगा होण्याआधी परतायचे, असा तो कार्यक्रम. आम्हीही त्या घोळक्याच्या मागून चालू लागलो.

मार्गदर्शक ज्याला वर्षावन म्हणत होता ते वर्षावन नव्हते. कुळागर ही माणसाने घडवलेली गोष्ट आहे. डोंगरउतारावर माड आणि पोफळी लावायच्या, पोफळीवर मिरवेल चढवायची, सावलीत जायफळ आणि वेलची जोपासायची आणि झऱ्याचे पाणी पाटाने प्रत्येक आळ्यापर्यंत न्यायचे, हे पिढ्यान्पिढ्यांचे शेतीशास्त्र आहे. शिवाय त्या बागेत पाहुण्यांना कौतुकाने दाखवलेला काजू मूळचा ब्राझीलचा, अननस दक्षिण अमेरिकेचा आणि व्हॅनिला मेक्सिकोची. काजू आणि अननस पोर्तुगीज गलबतांनी येथे आणले. म्हणजे जहाजातून उतरलेला पाहुणा ज्या झाडांपुढे 'अस्सल गोवा' म्हणून छायाचित्र काढून घेत होता, त्यांतील काही झाडे त्याच्यासारखीच समुद्रमार्गे आलेली होती! गार्सिया द ओर्ता या वैद्याने येथील औषधी वनस्पतींवरचा आपला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. या भूमीच्या झाडापानांकडे परक्या दृष्टीने पाहण्याची परंपरा एवढी जुनी आहे.

खरे सदाहरित अरण्य तेथून पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि उतारावर आहे. मोले, तांबडी सुर्ल, दूधसागर हा तो टापू. तेथेही पाहुणे जातातच. कुळेपर्यंत रस्त्याने किंवा आगगाडीने आणि पुढे जीपने. बंदरावर उतरलेला माणूस काही तासांत घाटातल्या अरण्याच्या तोंडाशी पोहोचू शकतो, ही सोय कोणी आणि कशासाठी केली, हा प्रश्न त्या दिवशी आमच्या मनात आला.

तिचे उत्तर १८७८ च्या तहात आहे. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत झालेल्या त्या व्यापारी करारानुसार मुरगाव बंदर आणि तेथून घाट चढून कॅसलरॉकला जाणारा लोहमार्ग बांधावयाचे ठरले. घाटमाथ्यावरचा कापूस आणि धान्य समुद्राला मिळावे, हा हेतू. १८८८ पर्यंत मीटरगेजचे रूळ दूधसागरच्या धबधब्यासमोरून कॅसलरॉकला पोहोचले. त्या बदल्यात गोव्यातील मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले, आणि मिठागरांवर जगणाऱ्यांना त्याची झळ लागली. १८९२ मध्ये करार संपला, रूळ मात्र राहिले. पुढे मुरगावातून लोहखनिज परदेशी जाऊ लागले. आता तेथे उतरलेला दगडी कोळसा याच मार्गाने कर्नाटकातील पोलाद-कारखान्यांकडे चढतो. खिडकीतून दूधसागर पाहून हरखणारा प्रवासी त्या वाटेवरचा उपरा आहे. वाट मालाची आहे.

म्हणूनच या मार्गाचे दुपदरीकरण पुढे आले तेव्हा वाद पेटला. मोलेचे अभयारण्य १९६९ चे, त्यातील राष्ट्रीय उद्यान १९७८ चे. त्यातून दुसरा रूळ, महावीजवाहिनी आणि रुंद महामार्ग नेण्याच्या योजनांविरुद्ध २०२० मध्ये गोव्यातील तरुण, संशोधक, चित्रकार आणि गावकरी उभे राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. ज्यांनी हा लढा दिला ते अरण्यात तासभर फिरून परतणारे नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

परतीच्या प्रवासात आम्हांला आमचीच एक गाडी आठवत राहिली. वऱ्हाडाला समुद्र नाही. पण अकोल्याहून अकोटमार्गे खांडव्याला जाणारी मीटरगेजची गाडी आमच्या पिढीची किनारसहलच होती. सपाट काळ्या रानातून सुटलेली गाडी सातपुड्यात शिरे. धुळघाटला रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढत, आणि डबाभर माणसे एका बाजूच्या खिडक्यांशी गोळा होत. बाहेर सागाचे रान. हे वर्षावन नव्हे. उन्हाळ्यात पाने झाडून उघडे पडणारे हे पानझडी अरण्य. परंतु श्रावणात त्याची हिरवाई पाहणाऱ्याला तो भेद सांगूनही पटला नसता. आम्ही मुलांना बोट दाखवून 'हे मेळघाट' म्हणत असू आणि तेवढ्यावर मेळघाट पाहिल्याचे समाधान मानत असू.

त्या समाधानामागचा इतिहासही मालाचाच आहे. हैदराबादच्या फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ब्रिटिशांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि वऱ्हाडच्या कपाशीला मुंबई बंदराची वाट मोकळी झाली. मेळघाटचे सागवान १८६६ पासून राखीव वनांत मोजले जाऊ लागले. सरकारी दृष्टीने ते लाकूड होते. कोरकूंचे घर होते ही बाब दुय्यम. १९७४ मध्ये तेथे व्याघ्रप्रकल्प आला, आणि लाकडाची जागा वाघाने घेतली. कोरकू त्यानंतरही हिशेबाच्या कडेलाच राहिले. पुढे काही गावांचे तर अरण्याबाहेर पुनर्वसन झाले.

अकोला-खांडवा मार्ग रुंद करायचे ठरले तेव्हा मोलेचाच प्रश्न आमच्या दारी उभा राहिला. वन्यजीव अभ्यासकांनी रूळ व्याघ्रप्रकल्पाबाहेरून वळवण्याचा आग्रह धरला, तो आम्हांला पटतो. पण लहान स्थानकांवर चढउतार करणाऱ्यांसाठी ती गाडी सहल नव्हती. तीच बाजाराची, दवाखान्याची, कामाच्या गावाची वाट होती. वाट मालासाठी किंवा दूरच्या प्रवाशांसाठी बांधली गेली असेल. काळाच्या ओघात तेथल्या माणसांनी ती आपली करून घेतली होती. वाघ वाचवताना ही वाट हिरावली जात असेल, तर तिच्या बदल्यात दुसरी देण्याचे ऋण आपल्यावर राहते.

कुळागरातून निघताना गाड्यांचे क्रमांक पुकारले गेले आणि पाहुणे भराभर रांगेत लागले. मागे एक वयस्क बाई पाटातला पाला काढीत होती. तिला मघापासून कोणी काही विचारले नव्हते, आम्हीही नाही. आम्ही तेथे इतिहास शोधीत होतो, आणि तो पाट वाहता ठेवणारे हात आमच्या टिपणवहीत कोठेच नव्हते. धुळघाटच्या वळणावर खिडकीतून पाहतानाही आमचे असेच होत आले असावे. अरण्य पाहून आलो, असे म्हणण्याआधी तेथे कोण राहते आणि आपण कोणाच्या वाटेने गेलो, एवढे तरी विचारण्याची सवय आता लावून घ्यावयास हवी.