छायाचित्रांची साक्ष : पीटर मागुबाने

इतिहास म्हटला म्हणजे बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि दफ्तरांतले रुमाल आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. ज्यांच्या पदरीं लेखक होते त्यांचा वृत्तान्त लिहिला गेला. ज्यांच्यापाशीं कारकून नव्हता आणि मोहोरहि नव्हती, त्यांच्या सुखदुःखाची नोंद सहसा कोणीं ठेवली नाहीं. हा पक्षपात सर्व देशांत आणि सर्व काळीं झालेला आहे. विसाव्या शतकांत मात्र एक नवें साधन सामान्य माणसाच्या हातीं आलें. तें म्हणजे कॅमेरा. ज्यांची फिर्याद कोणत्याहि कचेरींत दाखल होत नव्हती, त्यांची फिर्याद या लहानशा पेटीनें कशी नोंदवून ठेवली, हें दक्षिण आफ्रिकेंतील एका छायाचित्रकाराच्या चरित्रावरून चांगलें कळतें. त्यांचें नांव पीटर मागुबाने. आज श्रोत्यांना त्यांची ओळख करून द्यावयाची आहे.

मागुबाने यांचा जन्म १८ जानेवारी १९३२ रोजीं जोहान्सबर्ग शहरांतील फ्रेडेडॉर्प या वस्तींत झाला. याच शहरांत १९०८ च्या ऑगस्टमध्यें हमीदिया मशिदीच्या पटांगणांत गांधींच्या नेतृत्वाखालीं हिंदी लोकांनीं आपले नोंदणीचे दाखले जाळले होते. म्हणजे ज्या परवान्यांच्या जाचाविरुद्ध मागुबाने यांच्या पिढीला झगडावें लागलें, त्याची झळ आपल्या लोकांना त्यांच्या जन्मापूर्वींच लागलेली होती. पीटर यांचें बालपण सोफियाटाऊन या उपनगरांत गेलें. दाटीवाटीची, गरिबीची, पण गाण्याबजावण्यानें आणि निरनिराळ्या जमातींच्या सहवासानें गजबजलेली ती वस्ती होती. वडिलांनीं मुलाला एक साधा पेटी-कॅमेरा आणून दिला, आणि त्या खेळण्यांतूनच पुढें आयुष्याचें काम निघालें.

१९४८ सालीं त्या देशांत नॅशनल पक्षाच्या हातीं सत्ता आली आणि अपार्थाइड, म्हणजे वर्णावरून माणसें वेगळीं पाडण्याचें धोरण, कायद्यांच्या रूपानें उभें राहूं लागलें. १९५० सालीं प्रत्येक माणसाची वर्णवार नोंद करणारा कायदा झाला. त्याच वर्षीं कोणत्या वर्णाच्या लोकांनीं कोठें राहावें हें ठरविणारा कायदाहि झाला. १९५२ च्या कायद्यानें १६ वर्षांपुढील आफ्रिकी माणसानें आपलें पासबुक सदैव जवळ बाळगलें पाहिजे असा दंडक घातला. प्रथम हें ओझें पुरुषांवर आलें, पुढें स्त्रियांवरहि लादलें गेलें. १९५५ च्या फेब्रुवारींत सशस्त्र पोलिसांच्या पहाऱ्यांत सोफियाटाऊनमधील कुटुंबें सामानासह मालमोटारींत घालून दूरच्या मेडोलँड्सकडे नेण्यास आरंभ झाला. कांहीं वर्षांत ती सारी वस्ती जमीनदोस्त झाली आणि तिच्या जागीं गोऱ्यांसाठीं उपनगर वसवून त्याला ‘विजय’ या अर्थाचें नांव देण्यांत आलें!

आपलें बालपण ज्या गल्ल्यांत गेलें त्या नकाशावरून पुसल्या जात असतां एखादा तरुण काय करील? मागुबाने यांनीं ‘ड्रम’ मासिकाची वाट धरली. १९५१ सालीं निघालेलें हें मासिक आफ्रिकी लोकांच्या जीवनाविषयीं लिहीत असे, आणि त्याच्या कचेरींत कृष्णवर्णी लेखकांना व छायाचित्रकारांना मानानें काम करतां येत असे. मागुबाने तेथें शिरले ते मोटार हांकणारे म्हणून. सुमारें सहा महिने पडेल तें काम केल्यावर मुख्य छायाचित्रकार युर्गेन शाडेबर्ग या जर्मन गृहस्थांच्या हाताखालीं त्यांना शिकण्याची संधि मिळाली. १९५५ सालीं आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाचीं छायाचित्रें घेण्याचें काम त्यांच्यावर सोंपविण्यांत आलें. उसना कॅमेरा घेऊन ते गेले, उत्तम चित्रें घेऊन परतले, आणि त्या दिवसापासून मोटारीचें चाक सुटलें तें कायमचेंच.

परंतु काम सोपें नव्हतें. जेथें पोलीस असतील तेथें कॅमेरा उघडपणें बाळगणें म्हणजे मार खाण्यास आमंत्रण देणें होतें. झीरस्ट येथें एका खटल्याच्या वेळीं वृत्तपत्रांना मज्जाव करण्यांत आला होता. मागुबाने यांनीं पावाचा एक मोठा तुकडा आंतून पोखरला, त्यांत आपला लायका कॅमेरा बसविला, आणि पाव खात असल्याचा बहाणा करून चित्रें घेतलीं. पाव संपत आला तेव्हां त्यांनीं दूध विकत घेतलें आणि दुधाच्या खोक्यांत कॅमेरा दडविला! दुसऱ्या एका प्रसंगीं पोखरलेल्या बायबलमध्यें कॅमेरा ठेवून, खिशांतल्या तारेनें कळ दाबून त्यांनीं काम साधलें. आग्र्याच्या पेटाऱ्यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्यांस या युक्तीचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

१९५६ सालचें त्यांचें एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. जोहान्सबर्गच्या एका श्रीमंत भागांत रस्त्याकडेच्या बाकावर एक लहान गोरी मुलगी बसली आहे. बाकावर ‘फक्त युरोपियनांसाठीं’ अशीं अक्षरें आहेत. तिला सांभाळणारी आफ्रिकी दाई बाकाच्या पाठीमागच्या बाजूला बसलेली आहे. या चित्रांत रक्त नाहीं, लाठी नाहीं, आक्रोश नाहीं. तरीसुद्धां एका सबंध राज्यपद्धतीचा विपर्यास त्यांत सांपडला आहे. जिच्या हातीं आपलें मूल निर्धास्तपणें सोंपवावयाचें, तिला त्या मुलाशेजारीं बसण्याची मात्र बंदी! ज्या व्यवस्थेचें समर्थन करण्यास शेंकडों पानांचे कायदे लागत, तिचा खोटेपणा उघड करण्यास एक बाक पुरेसें झालें.

२१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें लोक पासबुकें घरीं ठेवून, अटक करून घेण्यासाठीं पोलीस ठाण्यापुढें जमले. पोलिसांनीं गोळीबार केला आणि सरकारी गणतीप्रमाणें ६९ माणसें ठार झालीं. मागुबाने तेथें पोंचले तेव्हां तें दृश्य पाहून ते सुन्न झाले. त्यांनीं दुरून चित्रें घेतलीं. मृतांच्या जवळ जाण्याचें धैर्य त्यांना झालें नाहीं. ‘ड्रम’चे संपादक टॉम हॉपकिन्सन यांनीं त्याबद्दल त्यांना बोल लावला. यापुढें काम पुरें होईपर्यंत भावनेला आवर घालावयाचा, असा निश्चय मागुबाने यांनीं त्या वेळीं केला, आणि तो त्यांनीं स्वतःच पुढें सांगितला आहे. त्यानंतर शार्पव्हिलच्या मृतांच्या दफनविधीचीं, ओळीनें मांडलेल्या शवपेट्यांचीं त्यांचीं चित्रें देशोदेशीं पोंचलीं.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो. समोर माणूस मरत असतां कॅमेऱ्याला डोळा लावणें ही निष्ठुरता तर नव्हे? हा आक्षेप क्षुल्लक नाहीं, आणि मागुबाने यांच्या चरित्रांत त्याचें दुहेरी उत्तर मिळतें. एक तर, चित्र घेतलें नसतें तर मारणाऱ्यांचाच वृत्तान्त तेवढा शिल्लक राहिला असता. दुसरें असें कीं, कॅमेरा बाजूस ठेवण्याची वेळ कोणती हेंहि त्यांना कळत होतें. जमावाच्या हातून माणसें मारलीं जाण्याचा प्रसंग आला असतां त्यांनीं काम सोडून मध्यें पडून जीव वांचविल्याचीं उदाहरणें आहेत; अमेरिकेंतील वृत्तछायाचित्रकारांच्या राष्ट्रीय संघानें १९८६ सालीं त्यांचा गौरव केला तो अशाच एका कृत्याबद्दल. भावनेला आवर घालणें निराळें आणि भावना मारून टाकणें निराळें.

या कामाची किंमत त्यांना जबर द्यावी लागली. ‘रँड डेली मेल’ या दैनिकांत असतांना १९६९ सालीं त्यांना पकडण्यांत आलें. विनी मंडेला व इतरांबरोबर त्यांच्यावर खटला झाला आणि १९७० च्या सप्टेंबरांत ते निर्दोष सुटले. परंतु सुटका नांवाचीच होती, कारण पांच वर्षें छायाचित्रें घेण्यास त्यांना मनाई करण्यांत आली. गवयास मौनाची शिक्षा द्यावी तसाच हा प्रकार! १९७१ सालीं त्यांना पुन्हां तुरुंगांत टाकण्यांत आलें. एकंदर ५८६ दिवस त्यांनीं एकान्तकोठडींत काढले.

बंदी संपते न संपते तोंच १९७६ चा जून उजाडला. शाळांतून आफ्रिकान्स भाषेची सक्ति केल्यामुळें १६ जून रोजीं सोवेटोमधील विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनीं त्या मुलांवर गोळ्या झाडल्या. पुढील कांहीं महिन्यांत देशभर पसरलेल्या या वणव्यांत ५७५ माणसें मेलीं, असें सरकारनेंच नेमलेल्या चौकशी आयोगानें नमूद केलें आहे. प्रारंभीं विद्यार्थी छायाचित्रें घेऊं देईनात. ओळख पटून पोलीस घरीं येतील ही त्यांची भीति साधार होती. मागुबाने यांनीं त्यांची समजूत घातली कीं, ज्या लढ्याची नोंद राहत नाहीं तो लढा झालाच नाहीं असें उद्यां म्हटलें जाईल. मुलांनीं तें मानलें. त्या दिवसांत मागुबाने यांना मारहाण झाली, त्यांचें नाक मोडलें आणि पुन्हां अटकहि झाली. पण सोवेटोचीं चित्रें जगापुढें आलीं.

१९८५ सालीं एका विद्यार्थ्याच्या अंत्ययात्रेंत पोलिसांच्या बंदुकींतले १७ छर्रे त्यांच्या शरीरांत घुसले. त्याच वर्षाच्या अखेरीस दंगलींचीं छायाचित्रें घेण्यावर सरकारनें निर्बंध घातले, यावरून सत्तेला कॅमेऱ्याचें किती भय वाटत होतें हें दिसून येतें. ११ फेब्रुवारी १९९० रोजीं नेल्सन मंडेला कारावासांतून बाहेर आले. त्यानंतर १९९४ पर्यंत मागुबाने हे त्यांचे अधिकृत छायाचित्रकार होते. पण मुक्तीचीं हीं वर्षेंहि निर्वेध गेलीं नाहींत. १९९२ च्या हिंसाचारांत त्यांचा मुलगा मारला गेला. तोहि छायाचित्रकारच होता. ज्यानें सारें आयुष्य परक्यांच्या शवपेट्यांची नोंद केली, त्याच्या दारीं तेंच दुःख आलें. पुढें मात्र ते आपल्या देशांतील मावळत्या लोकरीति, वेष व अलंकार रंगीत चित्रांतून टिपूं लागले. १ जानेवारी २०२४ रोजीं वयाच्या ९१ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें.

छायाचित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाहीं. तें काय घडलें तेवढें सांगतें, कां घडलें हें सांगत नाहीं. त्यासाठीं लेखी पुरावा आणि माणसांच्या तोंडचे शब्द लागतातच. शिवाय चित्रांनीं अपार्थाइड पाडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तें पाडलें पास न बाळगणाऱ्या स्त्रियांनीं, संप करणाऱ्या कामगारांनीं, शाळा सोडून निघालेल्या मुलांनीं. परंतु ‘असें कांहीं घडलेंच नाहीं’ असें म्हणण्याची सोय मागुबाने यांच्यासारख्यांनीं कायमची बंद करून टाकली. दक्षिण आफ्रिकेंत २१ मार्च हा मानवी हक्कांचा दिवस व १६ जून हा युवकदिन म्हणून पाळला जातो. हे दिवस पाहण्यास जे उरले नाहींत, त्यांचे चेहरे तरी त्या देशापाशीं राहिले. पुष्कळशा राष्ट्रांच्या इतिहासांत गरिबांच्या वाट्याला एवढेंहि आलेलें नाहीं.