दिनविशेष : २५ ऑगस्ट – थायरॉइडचे मर्म उलगडणारे डॉ. कोखर

स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांचा आज जन्मदिन. १८४१ मध्ये बर्न येथे जन्मलेले कोखर १८७२ पासून तेथील विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत तेव्हा गलगंडाचे, म्हणजे गळ्यातील थायरॉइड ग्रंथी सुजण्याचे, रुग्ण गावोगावी असत आणि त्याची शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी खेळ मानला जाई. निर्जंतुकीकरण आणि एकेक रक्तवाहिनी बांधत पुढे जाण्याची शिस्त, या बळावर त्यांनी मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आणले.

पण त्यांचे खरे मोठेपण पुढेच दिसते. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली. जखम छान भरली. मुलीची वाढ मात्र खुंटली. नऊ वर्षांनी धाकटी बहीण तिच्यापेक्षा उंच झाली होती आणि थोरलीचा चेहरा सुजलेला, बुद्धी मंदावलेली होती. कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले आणि १८८३ मध्ये जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत हे दुष्परिणाम स्वतःहून मांडले. संपूर्ण ग्रंथी काढणे त्यांनी थांबवले. शरीराला या ग्रंथीची किती गरज आहे, हे त्यातून जगाला उमगले.

१९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. २७ जुलै १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा दातेरी चिमटा आजही आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहांत रोज हाताळला जातो. यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही रुग्णाची वर्षानुवर्षे विचारपूस करणे, हाच त्यांचा वारसा.