वजन कमी करायचंय, मग ताटात काय ठेवायचं? नाचणा, हुलगा आणि पाकिटामागची बारीक अक्षरं

मलप्रभेचा उगम जिथे होतो ते कणकुंबी हे खानापूर तालुक्यातलं भरपूर पावसाचं गाव. भात हे या पट्ट्यातलं मुख्य पीक, डोंगरउतारावर नाचणा (महाराष्ट्रात नाचणी), आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. उकड्या तांदळाची पेज, नाचण्याची भाकरी, हुलग्याची आमटी, पावसाळ्यात सुकी मासळी असं इथलं जुनं जेवण. वजन वाढलं की मात्र आधी भात सुटतो, मग रात्रीचं जेवण, आणि शेवटी दुकानातून 'मल्टिग्रेन' लिहिलेलं पाकीट घरात येतं. काटा थोडा खाली जातो. शरीराला काय मिळालं, हा प्रश्न राहूनच जातो.

हा प्रश्न सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या ३०.१ टक्के महिला लठ्ठ किंवा जादा वजनाच्या आहेत आणि ४७.८ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हेच आकडे २३.४ आणि ५४.२ टक्के, गोव्यात ३६.१ आणि ३९ टक्के. म्हणजे जेवण जास्त आणि लोह कमी, अशी अवस्था एकाच घरात, कधी एकाच बाईच्या अंगात असू शकते. अशा वेळी नुसतं 'कमी खा' म्हटलं, तर चरबीबरोबर रक्त आणि हाडंही मार खातात.

नाचणा खाल्ला म्हणजे वजन उतरतं का?

नुसता खाऊन नाही. १०० ग्रॅम नाचण्यात साधारण ३२० कॅलरी असतात, तेवढ्याच कच्च्या पांढऱ्या तांदळात ३५५ च्या आसपास. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी आणि ५० ग्रॅम तांदळाचा भात यांत फरक जेमतेम १८ कॅलरींचा. भात सोडून तीन भाकऱ्या आणि वर लोण्याचा गोळा घेतला तर हिशेब उलटाच होतो.

फरक आहे तो दुसरीकडे. त्याच एका भाकरीतून सुमारे १८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, भातातून ४ च्या आसपास. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. तंतुमय पदार्थ नाचण्यात तांदळाच्या जवळपास चौपट, त्यामुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि चारच्या चहाबरोबर खाऱ्याच्या डब्याकडे हात कमी जातो. जेवढ्या कॅलरी पोटात जातात, त्यांच्या बदल्यात काय पदरात पडतं, हे बघायची हीच रीत.

प्रथिनांना नाचणा कमी पडतो, १०० ग्रॅमला ७ ग्रॅमच. ती कसर हुलगा (कोकण-गोव्याकडे कुळीथ) भरून काढतो: १०० ग्रॅमला जवळपास २२ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम हुलग्यात १०० कॅलरी, साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लोह. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आमटी, ताक, अंडं किंवा मासा यांची वाटणी दिवसभर करावी लागते. हुलगा भिजवून मोड आणले, नाचण्याची आंबील आंबवली, तर लोह अंगी लागायला मदत होते. वर लिंबू पिळावं किंवा आवळ्याची फोड घ्यावी. जेवणाला लागूनच चहा घेतला तर त्यातलं बरंचसं लोह वाया जातं, आणि आपल्याकडे तर ताट उचलण्याआधीच चहाची हाक येते.

पाकिटाचा पुढचा भाग जाहिरात, मागचा हिशेब

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. 'नाचणी बिस्कीट' म्हणून घेतलेल्या पुड्यावर पहिली तीन नावं मैदा, साखर आणि पामतेल असतील, तर ते मैद्याचंच बिस्कीट. नाचण्याची टक्केवारी शोधावी, ती कधी ५ सुद्धा असते. 'शुगर फ्री' लिहायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही, पण तेल आणि मैद्यावर त्या शब्दाचं काहीच बंधन नाही. कॅलरी 'प्रति सर्व्हिंग' आहेत की १०० ग्रॅमला, हेही पाहावं. सर्व्हिंग दोन बिस्किटांची असते आणि चहाबरोबर संपतात सहा. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असली की नियम पुरा होतो, मराठी किंवा कन्नड सक्तीची नाही. घरातल्या शिकलेल्या पोराकडून एकदा वाचून घ्यावी.

कमी करायचंच तर सुरुवात कुठून? दिवसात तीन चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ३० ग्रॅम साखर आणि १२० कॅलरी, पोषण शून्य. एक मोठा चमचा तेल १३५ कॅलरी. काजू घरचे असले तरी १०० ग्रॅमला ५५० च्या वर जातात, पाच-सहा पुरेत. कुंदा सणालाच बरा. उपासाची साबुदाणा खिचडी तर स्टार्च, तूप आणि शेंगदाणे. त्यापेक्षा उकडलेलं रताळं आणि ताक कितीतरी उजवं. भात सोडायची गरज नाही, वाटी लहान करून बाजूची भाजी-आमटी वाढवली तरी चालतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला अर्धा किलो उतरणं सुरक्षित, आणि आहार दिवसाला १००० कॅलरींच्या खाली नेऊ नये. भारतीयांसाठी बीएमआय २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. १६० सेंटिमीटर उंचीला ते अनुक्रमे ५९ आणि ६४ किलो. कंबर पुरुषांची ९० आणि महिलांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर काटा काहीही सांगो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळलं तर साखर एकदम उतरून चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. त्यांनी आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हुलगा-डाळी वाढवण्याआधी विचारावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि लोहाच्या गोळ्याही तिथेच मिळतात.