विद्याशाखांमधील भिंत : बंगळुरूच्या इतिहासातील एक धडा

दहावीचा निकाल लागला की कला, वाणिज्य की विज्ञान, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. एकदा शाखा निवडली की दुसरीचे दार बंद झाले, असेच आपण धरून चालतो. ही भिंत पूर्वीपासून अशीच होती काय? आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी ज्या बंगळुरूत शिक्षणासाठी व नोकरीसाठी गेले, त्या शहराचा शैक्षणिक इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजची सुरुवात १८५८ साली एक हायस्कूल म्हणून झाली. पुढे ते मद्रास विद्यापीठाशी संलग्न झाले. या महाविद्यालयातून १८८१ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बी. ए. झाले. ही पदवी घेऊन ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकण्यास आले आणि १८८३ मध्ये तेथील परीक्षेत पहिले आले. खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणारा हा अभियंता मुळात बी. ए. होता, ही गोष्ट आज पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

हेच विश्वेश्वरय्या दिवाण असताना १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. म्हैसूरचे महाराजा कॉलेज आणि बंगळुरूचे सेंट्रल कॉलेज हे त्याचे दोन आधारस्तंभ. आरंभीच्या व्यवस्थेत कलाशाखा म्हैसुरास आणि विज्ञानशाखा बंगळुरूस, अशी वाटणी झाली. कारभाराच्या दृष्टीने ती सोयीची असेलही. पण शाखांमधील अंतर आता दोन गावांमधील अंतर झाले. सर्वपल्ली राधाकृष्णन म्हैसुरात तत्त्वज्ञान शिकवीत होते, त्या काळात बंगळुरूच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्यांच्या वर्गात जाऊन बसणे सोपे नव्हते.

योगायोग असा की, त्याच १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांना ही प्रेरणा मिळाली होती. शिकणाऱ्या स्त्रीच्या जीवनाला काय हवे, हे पाहून त्यांनी अभ्यासक्रम आखला. इंग्रजी व इतिहासाबरोबरच गृहव्यवस्था, आरोग्यशास्त्र यांसारख्या विषयांना त्यात स्थान मिळाले आणि शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठरले. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! उच्च शिक्षण मराठीतून होईल काय, अशी शंका घेणाऱ्यांना कर्व्यांनी कृतीने उत्तर दिले.

बंगळुरूला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १९६४ साली. त्यानंतर शहराची ओळख अभियांत्रिकीची व संगणकाची झाली. अशा शहरात २०१० साली कर्नाटक विधिमंडळाच्या कायद्याने अझीम प्रेमजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि तेही संगणक उद्योगात मिळवलेल्या संपत्तीतून. आरंभी तेथे शिक्षण व विकास या विषयांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम होते. २०१५ पासून पदवीचे वर्ग निघाले. अर्थशास्त्र, मानव्यविद्या, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र हे विषय तेथे एकाच आवारात शिकवले जातात. मुख्य विषय कोणताही असो, भारतीय समाजाची ओळख करून देणारे व विचार आणि लेखन यांची तयारी करून घेणारे काही सामाईक अभ्यासक्रम सर्वांनाच घ्यावे लागतात. यालाच आज ‘लिबरल आर्ट्स’ म्हणतात. १९१६ साली दोन गावांत वाटल्या गेलेल्या शाखा अशा रीतीने पुन्हा एकत्र आल्या आहेत.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला अशा विद्यापीठाचे आकर्षण वाटते, तशीच इंग्रजीची धास्तीही वाटते. ही धास्ती खोटी नाही. तेथील वाचन विपुल असते आणि पहिले काही महिने कठीण जातात. परंतु मजकुराचा अर्थ लावणे, मुद्दा मांडणे, शंका विचारणे ही कामे ज्याला एका भाषेत नीट येतात, त्याला ती दुसऱ्या भाषेत शिकता येतात. ही पहिली भाषा आपल्या शाळेने साठ वर्षे शिकवली आहे. म्हणून पालकांना एवढीच विनंती, की मुलाची शाखा ठरविताना केवळ गुणपत्रिका पाहू नये. त्याला कशाचे कुतूहल आहे, हेही विचारावे.