एक दुर्मिळ नाणे की सहा साधी?

नागपूरच्या इतवारीतील सराफ्यात जुनी नाणी दोन वाटांनी येतात. एक वाट मोडीची. आजीच्या पेटीतले राणीछाप रुपये घरची मंडळी चांदीच्या भावाने विकतात आणि ते मुशीत जातात. दुसरी वाट संग्राहकांची. तिथे नाण्याचे मोल चांदीवर ठरत नाही, ते दुर्मिळतेवर ठरते. माजी विद्यार्थ्यांकडून देणगी मिळालेल्या एका शाळेपुढे या दुसऱ्या वाटेवर एक प्रश्न उभा राहिला आणि तो आमच्यापर्यंत आला. सगळी रक्कम घालून एकच दुर्मिळ ‘नमुना-नाणे’ घ्यावे, की तेवढ्याच पैशांत निरनिराळ्या काळांतली सहा नेहमीची नाणी घ्यावीत? प्रश्न खरेदीचा असला, तरी इतिहासाचा पुरावा कशाला म्हणायचे, हा विचार त्याच्या मुळाशी आहे. म्हणून तो शिक्षकांपुढे मांडत आहोत.

नमुना-नाणे म्हणजे काय?

टांकसाळीत नवे नाणे पाडायचे ठरले की आधी त्याचे मोजकेच नग पाडून पाहतात. ठसा नीट उठतो का, धातू योग्य आहे का, राजाचा चेहरा राजासारखा दिसतो का, हे त्यावरून तपासतात. वरिष्ठांनी मान्यता दिली तर ते नाणे चलनात येते, नाही तर तो नमुना तिथेच थांबतो. थोडक्यात, नमुना-नाणे म्हणजे टांकसाळीचा प्रयोगच.

अशा प्रयोगाचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९७३ मध्ये तांबे महागले, तेव्हा तेथील टांकसाळीने ॲल्युमिनियमचे एक सेंटचे नाणे करून पाहिले. १९७४ साल घातलेली अशी पंधरा लाखांहून अधिक नाणी पाडली गेली. पण प्रस्ताव बारगळला आणि ती वितळवावी लागली. लोकप्रतिनिधींना पाहण्यासाठी दिलेल्या नाण्यांपैकी काही परत आलीच नाहीत. पुढे त्यांतले एखादे बाजारात येऊ लागले, तेव्हा ते चलनात आलेच नव्हते, म्हणून ते सरकारच्याच मालकीचे, अशी भूमिका सरकारने घेतली. नमुना-नाण्याची मालकीही अशी वादाची ठरू शकते.

प्रयोग काळजीपूर्वक तपासला नाही तर काय होते, हे आपल्याकडे १९११ मध्ये दिसले. पंचम जॉर्जच्या नव्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्तीचे छोटे चित्र होते. त्याची सोंड इतकी आखूड उठली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि १९१२ च्या रुपयावर सोंड सुधारली.

नमुना-नाण्याचे ऐतिहासिक मोल इथेच आहे. काय घडू शकले असते आणि घडले नाही, हे ते सांगते. चलनातले नाणे फक्त निर्णय दाखवते, नमुना-नाणे नाकारलेला पर्यायही दाखवते. संशोधकाला त्याची किंमत मोठी आहे, यात शंका नाही.

मात्र एक धोका आहे. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींनी संग्राहकांसाठी जुन्या ठशांवरून पुन्हा नाणी पाडून दिली आणि ही प्रथा विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. त्यामुळे नाण्यावर १८३५ असे साल असले, तरी ते प्रत्यक्षात शंभर वर्षांनंतर पाडलेले असू शकते. ते खोटे नसते, पण १८३५ चे साक्षीदारही नसते. हा फरक ओळखायला तज्ज्ञाची नजर लागते. शाळेने सारी देणगी अशा एका नाण्यावर लावणे किती जोखमीचे, हे वेगळे सांगायला नको.

बहुसंख्येची साक्ष

आता दुसरी बाजू पाहू. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील दोन मोठे शोध सामान्य नाण्यांनीच लावून दिले आहेत.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. असे एखाददुसरेच नाणे मिळाले असते, तर ते कुतूहलाची वस्तू ठरले असते. हजारो नाण्यांवर तीच खूण दिसली, तेव्हा जेत्याने हरलेल्या राजाचे चलन पद्धतशीरपणे आपलेसे केल्याचे स्पष्ट झाले. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निखंदून काढला, असे नाशिकच्या लेण्यातील त्याच्या आईचा उल्लेख असलेला शिलालेख सांगतो. या नाण्यांनी त्या विधानाला स्वतंत्र पुरावा दिला.

दुसरे उदाहरण विदर्भातले आहे. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या वाशिम जिल्ह्यातील, तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या पोटिन धातूच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा मिळाला. पोटिन म्हणजे तांब्यात कथील आणि शिसे मिसळलेला हलक्या मोलाचा धातू. नाणी लहान, झिजलेली आणि दिसायला सुमार. नागपूरचे विद्वान महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली. पुराणांतील वंशावळीत नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी ही नावे या नाण्यांवरून पुढे आली.

इथे एक तांत्रिक मुद्दा ध्यानात घ्यावा. हाताने घाव घालून पाडलेल्या नाण्यात ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर लेखाचा एकच तुकडा उमटे. एकावर सुरुवात, दुसऱ्यावर मधला भाग, तिसऱ्यावर शेवट. असे तुकडे शेजारी ठेवून जुळवले तरच पूर्ण लेख हाती येतो. नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांनाही हेच लागू पडते. सत्ता मराठ्यांची, पण लेख फारसीत आणि नाव मोगल बादशहाचे. तोही सबंध वाचायचा तर एक नाणे पुरत नाही. म्हणजे अशा नाण्यांच्या बाबतीत ‘अनेक’ ही चैन नव्हे, वाचनाची अटच आहे.

वर्गातील प्रयोग

मग शाळेने कोणती सहा नाणी घ्यावीत? आमची सूचना अशी. भोसलेकालीन एक रुपया. ‘क्वीन’ व्हिक्टोरियाचा एक. ‘एम्प्रेस’ व्हिक्टोरियाचा एक. सहाव्या जॉर्जचा १९४० ते १९४५ मधला एक. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला एक. आणि १९५० चा, अशोकस्तंभावरील सिंह व गव्हाच्या लोंब्या असलेला एक.

व्हिक्टोरियाचे दोन रुपये शेजारी ठेवले की मुलांना एक शब्द बदललेला दिसेल. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात राणी ‘सम्राज्ञी’ झाल्याचे जाहीर झाले. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली, म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल. गिरणी २००२ मध्ये बंद पडली, नाव मात्र गावाच्या तोंडी राहिले. नाण्यावरचा शब्द आणि गावातले नाव एकाच घटनेतून आले, हे मुलांनी स्वतः शोधावे.

पुढचा भाग विज्ञानाच्या तासाला करता येईल. १८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम ठरले. बाराव्या हिश्शाची भेसळ सोडता बाकी सगळी चांदी. १९४० पासून महायुद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आली आणि बाकी तांबे, निकेल व जस्त भरले. १९४७ च्या रुपयात चांदी उरलीच नाही, तो शुद्ध निकेलचा झाला. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, हे त्यामागचे एक मोठे कारण. वजन मात्र तिन्ही वेळा तेच राहिले.

नाणे दोऱ्याने टांगून आधी हवेत आणि मग पाण्यात तोलावे. पाण्यात जेवढे वजन घटेल त्याने हवेतल्या वजनाला भागावे. राणीछाप रुपयाचे उत्तर १०.३ च्या आसपास येईल, १९४० नंतरच्या रुपयाचे ९.५ च्या आणि १९४७ च्या रुपयाचे ८.९ च्या. नाणे झिजले असले तरी भागाकार फारसा बदलत नाही, कारण झिजेने वजन जाते, घनता जात नाही. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतचा असावा. तो नसेल तर निदान लोहचुंबक आणावा. १९४७ चा रुपया त्याला चिकटेल, चांदीचा चिकटणार नाही. एका साम्राज्याची तिजोरी कशी रिती होत गेली, हे मुले अशी मोजून पाहू शकतात. एकट्या नमुना-नाण्यावर हा प्रयोग होत नाही, कारण तुलनेला दुसरे काही नसते. शिवाय इतके महागडे नाणे मुलांच्या हाती कोण देईल?

आमचे मत

दुर्मिळता आणि माहिती या दोन वेगळ्या राशी आहेत. बाजार पहिलीला किंमत देतो, इतिहासाला दुसरी हवी असते. नमुना-नाणे संग्रहालयात असावे. तिथे टांकसाळीची कागदपत्रे आणि तुलनेची नाणी हाताशी असतात, म्हणून ते बोलू लागते. शाळेच्या कपाटात ते मुके राहील. तेव्हा शाळेने सहा साधी नाणी घ्यावीत.

पण त्याहून तातडीचे एक काम आहे आणि त्याला देणगी लागत नाही. साधी नाणी साधी आहेत म्हणूनच वितळतात. घरातले जुने रुपये मोडीत निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी त्यांचे साल, वजन, व्यास आणि ते घरात कसे आले याची हकिकत वहीत नोंदवावी, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. नाणी चिंच किंवा राख लावून घासू नयेत, त्याने लेख पुसट होतो. शेतात वा पाया खणताना साठा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे आणि नाणी वाटून घेऊ नयेत. तऱ्हाळ्याची सोळाशे नाणी सोळाशे घरांत गेली असती, तर कुंभ सातकर्णी कोणालाच माहीत झाला नसता.