नाशिकचें हळदीकुंकू

१८७८ सालीं महादेव गोविंद रानडे यांची पुण्याहून नाशिकास बदली झाली. मुलूख त्यांना परका नव्हता. १८ जानेवारी १८४२ रोजीं त्यांचा जन्म याच जिल्ह्यांतील निफाड येथें झालेला. सार्वजनिक सभेच्या कामांत गढलेल्या ह्या न्यायाधीशाला पुण्यापासून दूर ठेवण्याचा सरकारचा हेतु त्या बदलीमागें होता, असें त्यांचे चरित्रकार सांगतात, आणि एवढें सांगून ते लगेच पुढच्या बदलीकडे वळतात. त्यांची घाई समजण्यासारखी आहे. नाशिकास रानड्यांच्या हातून मोठें राजकारण झालें नाहीं. जें झालें तें माजघरांत झालें, आणि माजघराची बखर लिहिण्याची चाल आपल्याकडे नव्हती.

सुदैवानें ती एका बाईंनीं लिहून ठेवली. रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनीं १९१० सालीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. लिहिलें तें पतीच्या स्मरणासाठीं. पण त्यांत पानोपानीं दिसते ती एकाच घराच्या दोन मजल्यांवर दोन निरनिराळीं आयुष्यें जगणारी एक मुलगी.

रमाबाई मूळच्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या. जन्म १८६२ चा. १८७३ च्या डिसेंबरांत लग्न झालें तेव्हां वय अकरा, आणि अक्षरओळखही नाहीं. वर एकतीस वर्षांचा, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, नुकताच विधुर झालेला. त्यानें आतां विधवेशींच लग्न करावें अशी मित्रांची अपेक्षा. आणि नेमकें तेंच होऊं नये म्हणून वडिलांनीं, गोविंदरावांनीं, तांतडीनें ही मुलगी पाहिली. रानडे वडिलांपुढें नमले. त्याबद्दल त्यांना जन्मभर बोल लागला, आणि तो अगदींच अनाठायीं होता असें म्हणवत नाहीं. मात्र जी मुलगी घरांत आली तिला शिकवावयाचें, एवढें त्यांनीं मनाशीं पक्कें धरलें, आणि मुळाक्षरांपासून स्वतःच आरंभ केला.

वरच्या मजल्यावर रात्रीं पाटी आणि पुस्तक; सकाळीं खालीं उतरलें म्हणजे सासूबाई, रानड्यांची विधवा बहीण दुर्गा आणि नात्यांतल्या इतर वडीलधाऱ्या बायका. उघड भांडण असें क्वचितच होई. भांडण झालें असतें तर एक वेळ बरें. तें संपतें तरी. येथें टोमणे होते, अबोला होता, आणि वडीलपणाचा उपदेश होता. पुरुष पुष्कळ कांहीं सांगतात, शहाण्या बायकोनें त्यांतलें थोडें ऐकावें आणि बाकीचें कानाआड करावें, असा त्या उपदेशाचा मथितार्थ. म्हणजे अपराधी कोण, तर सून. नवऱ्याच्या वेडाला तिनें वेळींच आवर घातला नाहीं, हा तिचा अपराध.

आणि ज्यांच्यासाठीं हें सोसावयाचें त्या रानड्यांची रीत तरी कशी? वडील बायकांना त्यांनीं कधीं उलट शब्द बोलला नाहीं, आणि पत्नीनेंही बोलूं नये अशी त्यांची अपेक्षा. शिकावयाचें, पण उत्तर द्यावयाचें नाहीं. तिच्या हातून शिकण्यांत किंवा सभेस जाण्यांत ढिलाई झाली तर ते रागावत नसत, गप्प बसत. तें मौन खालच्या मजल्यावरच्या टोमण्यांपेक्षां तिला जड जाई. थोर पुरुषांच्या संसारांत थोरवीचा भार बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी खांद्यावर असतो.

नाशिकास हा खालचा मजला नव्हता. पुण्याच्या घरांतला वडील बायकांचा पहारा मागें राहिला, आणि सोळा वर्षांच्या रमाबाईंच्या हातीं प्रथमच घराचा कारभार आला. वाचनाला अंधारी खोली शोधण्याचें कारण उरलें नाहीं. त्याच सुमारास गोपाळ हरि देशमुख, म्हणजे ‘शतपत्रें’ लिहिणारे लोकहितवादी, नाशिकास जॉइंट जज्ज होते. रानड्यांहून ते एकोणीस वर्षांनीं वडील. स्त्रियांच्या दुःस्थितीविषयीं त्यांची लेखणी १८४८ पासूनच चाललेली. दोघांचें मत एक, आणि अडचणही एक. मत छापून बायकांपर्यंत पोंचत नाहीं. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना वाचण्याचें महत्त्व पत्रांतून कसें सांगावें? सभा बोलावली तर त्या येणार नाहींत. आल्या तर घरचे पाठविणार नाहींत.

तेव्हां दोन्ही घरच्या बायकांनीं गांवांतल्या बायकांना हळदीकुंकवास बोलावण्यास आरंभ केला.

ह्या साध्या युक्तींतली खोंच ध्यानांत घेण्यासारखी आहे. हळदीकुंकवाचें बोलावणें नाकारणें हा अपशकुन. कोणताही सासरा त्यास हरकत घेणार नाहीं, कोणतीही सासू सुनेला त्यासाठीं अडवून धरणार नाहीं. त्याला भटजी लागत नाहीं, पुरुषाची परवानगी लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं. पंचवटींतली, जुन्या गांवांतली सवाष्ण एरवीं घराबाहेर पडावयाची ती गोदावरीवर किंवा देवळांत; आणि घाटावर दोन शब्द बोलावे तर डोक्यावर ऊन आणि हातांत धुणें. हळदीकुंकवांत ती नीट लुगडें नेसून, सतरंजीवर, स्वस्थ बसते. अत्तर, गुलाबपाणी, ओटी, विडा हें सर्व रीतीप्रमाणें व्हावयाचें. फक्त तें झाल्यावर उठण्याची घाई करावयाची नाहीं. मग कोणी कांहीं वाचून दाखवावें, कोणी ऐकावें, मुलींच्या शाळेचा विषय निघावा. रूढीनेंच जें दार उघडें ठेवलें होतें, त्यांतून आंत शिरण्याचा हा मार्ग होता.

आणि त्यांत रमाबाईंना मिळालें तें वेगळेंच. शिकविण्याची हौस पुरुषांची होती. बोलावणें करावयाचें, उंबऱ्यांत उभें राहून पाहुणीचें स्वागत करावयाचें, अपरिचित बाईला बोलकें करावयाचें, हें मात्र रमाबाईंना स्वतः करावें लागे. पुण्यास चार बायका जमल्या म्हणजे मान खालीं घालावयाची हेंच त्यांना ठाऊक. येथें बायकांचा मेळा प्रथमच त्यांच्या बाजूचा होता.

याच वास्तव्यांत मुलींच्या शाळेचा बक्षीससमारंभ झाला. गोऱ्या अधिकाऱ्याच्या मडमेच्या हस्तें बक्षिसें वांटावयाचीं, गांवांतल्या बायकांनीं यावें, आणि आभाराचे शब्द रमाबाईंनीं वाचावे असें ठरलें. भाषण रानड्यांनीं लिहून दिलेलें. वाचणारीचा मात्र चारचौघांपुढें उभें राहण्याचा तो पहिला प्रसंग. तें पार पडलें. पुढें हारतुरे. मडमेच्या गळ्यांत त्यांनीं हार घातला. मग तबक साहेबापुढें आलें, तेव्हां परपुरुषाच्या गळ्यांत हार घालण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. आणि लोकहितवादींना तें काम उरकावें लागलें. घरीं आल्यावर ह्यावरून पतीपत्नींत थट्टाही झाली. सुधारणेच्या इतिहासांत हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगतात. पण तो निव्वळ गमतीचा नाहीं. लिहून दिलेलें भाषण वाचणारी ही मुलगी कोठवर जावयाचें तें स्वतः ठरवूं लागली होती, आणि तें ठरवितांना तिनें गव्हर्मेंटच्या माणसाचीही भीड धरली नाहीं.

१८७९ सालीं रानड्यांची बदली एकाएकीं धुळ्यास झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचें तें वर्ष. पुण्यांत बुधवारवाडा जळाला होता, आणि सरकारला जेथें तेथें कट दिसत होता. धुळ्यास तर त्यांच्या टपालावरही नजर ठेवण्यांत आली. नाशिकचें हळदीकुंकू तेथेंच राहिलें. पुढें मुंबईचा थोडा काळ, आणि मग पुन्हां पुणें, पुन्हां तोच दोन मजल्यांचा संसार.

मात्र वर-खालीं जाणारी व्यक्ति आतां निराळी होती, आणि लवकरच तिला जाण्यासाठीं तिसरी एक जागा मिळाली. १८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. वय चोवीस. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणींत गेलेलीं, भाऊ बंगाल्यांत गेलेला, आणि त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें वारलेले. कडेवर मनोरमा नांवाची लहान मुलगी. त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. प्रार्थना समाजांत शनिवारीं बायका जमूं लागल्या, आणि रानड्यांच्या घरांतून रमाबाई तेथें नेमानें जाऊं लागल्या.

घरांत वादळ उठलें. एवढ्या माणसांचे मृत्यु हा पंडिताबाईंच्या पापाचा पुरावा ठरला. जातीबाहेर लग्न करून ती बाटली, आतां इतरांना बाटवावयास आली, असें बोललें जाऊं लागलें. तशांत रमाबाई मिस हरफर्ड नांवाच्या मिशनरी बाईंजवळ इंग्रजी शिकूं लागल्या. धडा संपला म्हणजे स्नान केल्यावांचून घरांत कशालाही शिवावयाचें नाहीं, असा दंडक. धडा रोजचा, तें स्नानही रोजचें.

मग त्या शनिवारीं काय मिळत असे, कीं ज्यासाठीं हें सगळें सोसावें? व्याख्यानें मिळत, हें खरें. पण व्याख्यानें वरच्या मजल्यावरही मिळत होतीं. तेथें मिळे ती आपल्यासारखीच दुसरी बाई. तेथें काशीबाई कानिटकर होत्या. त्यांनाही नवऱ्याच्या आग्रहासाठीं शिकावें लागलेलें आणि सासरच्या नजरेआड वाचावें लागलेलें. वहाणा घालून व छत्री घेऊन रस्त्यानें चालल्याबद्दल त्यांच्यावर आणि आनंदीबाई जोशींवर दगड पडल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. आपल्या घरांतलें दुःख हा आपला एकटीचा दोष नव्हे, तेंच दुःख चार पेठांतल्या चार वाड्यांत तसेंच्या तसें नांदतें आहे, हें कळण्याला पुस्तक लागत नाहीं. शेजारीं बसलेली बाई लागते. दुसऱ्या गांवींही हीच गरज असली पाहिजे, कारण समाजाच्या शाखा मुंबई, सोलापूर, अहमदनगर, पंढरपूर येथें थोड्याच काळांत निघाल्या.

नाशिकच्या हळदीकुंकवाचें एक उणेंपण येथें भरून निघालें, आणि तें उणेंपण कमी महत्त्वाचें नव्हे. हळदीकुंकवाचें दार सवाष्णीला उघडें, विधवेला बंद. पंडिता रमाबाई १८८२ सालीं विधवा होत्या. कितीही विद्वान असल्या तरी नाशिकच्या त्या सतरंजीवर त्यांना जागा नव्हती. शनिवारच्या सभेंत मात्र विधवाच मुख्य. आणि रानड्यांच्या घरांत सुनेला टोंचून बोलणाऱ्या बायकांकडेही ह्याच बाजूनें पाहिलें पाहिजे. दुर्गा विधवा होती. सुनेला बोलावणारीं सगळीं दारें तिला केव्हांचींच मिटलेलीं. सत्ता उरली ती सोवळ्याची आणि स्वयंपाकघराची. ती राखण्यासाठीं ती लढली, तर त्यांत निव्वळ दुष्टपणाच पाहणें अन्यायाचें होईल. तिला कोणत्याही समाजानें बोलावणें धाडलें नव्हतें.

मैत्रीची ही जागा निर्वेध राहिली नाहीं. १८८३ च्या एप्रिलांत पंडिताबाई विलायतेस गेल्या आणि सप्टेंबरांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. घरांतल्या बायकांचें भाकीत खरें ठरल्यासारखें झालें. रमाबाई रानड्यांनीं त्यानंतरही समाज सोडला नाहीं. १८८४ सालीं मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढें त्यांनीं इंग्रजी निवेदन वाचलें; त्याच वर्षीं तें हायस्कूल, पुण्याची हुजूरपागा, निघालें. त्या संध्याकाळीं घरीं झालेलें स्वागत आठवणींत आहे, आणि तें वाचतांना आजही मान खालीं जाते. पुढें १८८९ सालीं पंडिताबाईंनीं शारदा सदन काढलें, तेव्हां रानडे त्यांच्या सल्लागार मंडळांत होते. धर्मांतराच्या वादावरून १८९३ सालीं ते बाहेर पडले.

१६ जानेवारी १९०१ रोजीं रानडे वारले. ज्या बाईंचें सार्वजनिक आयुष्य नाशिकास हळदीकुंकवाच्या तबकापासून सुरू झालें, त्यांना त्या दिवसापासून तें तबक वर्ज्य झालें. वर्षभर त्या घरांतच राहिल्या. मग तुरुंगांतल्या बायकांना भेटूं लागल्या, इस्पितळांतल्या रोग्यांची विचारपूस करूं लागल्या, भजनकीर्तनाच्या निमित्तानें बायका जमवूं लागल्या. निमित्ताची कला त्यांना नाशिकापासून अवगत होतीच. १९०९ च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या सेवासदनाचा आरंभ झाला, तो त्यांच्या राहत्या वाड्यांत. लग्न झालेल्या बायका तेथें शिकावयास येऊं लागल्या आणि विधवाही. कांहींच्या कपाळीं कुंकू होतें, कांहींच्या नव्हतें. बोलावणें दोघींना एकच होतें, आणि तें करणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या कपाळीं कुंकू नव्हतें.