गावकी आणि खराटा

आजीच्या लखनौत नवाब नव्हते, कबाब नव्हते, भूलभुलैयाही नव्हता. तिचं लखनौ आलमबागेतल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये सुरू व्हायचं आणि लालबागच्या मेथडिस्ट चर्चपाशी संपायचं. आजोबा नगरचे, रेल्वेच्या कारखान्यात कारकून. लग्न होऊन १९३० नंतर केव्हातरी आजी तिकडे गेली, तेव्हा ट्रंकेत लुगड्यांच्या खाली मराठी बायबल आणि गीतांचं पुस्तक होतं. चर्चमधली उपासना हिंदुस्थानीत चाले. मराठी गाणी घरी, पोळ्या लाटताना.

त्या गाण्यांतली पुष्कळशी नारायण वामन टिळकांची. आजीच्या वडिलांनी नगरात टिळकांचं कीर्तन ऐकलं होतं, आणि त्याविषयी ते सांगायला बसले की जेवण ताटात निवून जायचं. टिळक चित्पावन ब्राह्मण. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापायी बायको-मुलाची ताटातूट सोसली. पण पणजोबा घोळवून सांगत ती गोष्ट १९१७ची. त्या वर्षी टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, भगवी वस्त्रं घेतली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचा शिष्य होऊ इच्छिणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले, दरबार फार टिकला नाही. पणजोबा मात्र म्हणायचे, “मिशनचा पगार सोडला ना गं त्यांनी! बाप्तिस्मा घेणं सोपं. पगार सोडून बघ.”

हा मापदंड घेऊन आजी लालबागेत आली, आणि लालबाग त्याला उतरलं.

इझाबेला थोबर्न १८७० साली अमेरिकेहून मिशनरी म्हणून आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने अमीनाबादच्या बाजारात एक खोली घेऊन मुलींची शाळा काढली. पहिल्या दिवशी मुली सहा. कुणी दंगा करू नये म्हणून दाराशी एक पोरगा सोटा घेऊन उभा. आजी ही गोष्ट सांगताना त्या पोराची नक्कल करायची, हातात लाटणं धरून. पुढे शाळा लालबागेत गेली, तिचं कॉलेज झालं. १ सप्टेंबर १९०१ रोजी इझाबेला लखनौतच पटकीने गेली. आजी लखनौत आली तेव्हा इझाबेलाला पाहिलेल्या म्हाताऱ्या बाया मंडळीत होत्या. पहिल्या बाकावर बसत.

आणि स्टॅन्ले जोन्स. १९०७ साली तेविशीचा हा अमेरिकन तरुण याच लालबाग चर्चचा पाळक होऊन आला. काही वर्षांत शरीर आणि मन दोन्ही खचली. मायदेशी विश्रांती झाली, परतल्यावर पुन्हा तेच. शेवटी लखनौतल्याच एका चर्चमध्ये प्रार्थना करताना त्याने स्वतःचं सगळं ओझं देवावर टाकलं आणि तो बरा होऊन उठला, असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्या जागेजवळ भिंतीवर तशी पाटीही लावली. मला स्वतःला जोन्सच्या या बरं होण्यापेक्षा त्याने पुढे जे केलं ते मोठं वाटतं. १९३० साली त्याने कुमाऊँच्या डोंगरात सातताल इथे आश्रम काढला. तिथे पदव्या गळून पडत, सगळे एकमेकांना भाऊ आणि बहीण म्हणत. आठवड्यातून एक दिवस संडास साफ करणाऱ्या माणसाला सुटी असे, आणि त्याचं काम आश्रमातले लोक आळीपाळीने करीत. एक ब्राह्मण ख्रिस्ती मात्र हात पुढे करीना. जोन्सने विचारलं, तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला की माझं परिवर्तन झालंय, पण अजून इतकं नाही.

ही गोष्ट लालबागच्या मंडळीत पोहोचली तेव्हा सगळे हसले. आजी हसली नाही. पुढच्या गुरुवारी तिने क्वार्टरच्या मागच्या दाराशी मेहतरानीला थांबवलं, तिच्या हातातला खराटा घेतला आणि म्हणाली, आज तू घरी जा, पैसे पूर्ण मिळतील.

टोपल्यांचे संडास होते ते. आधी चुलीतली राख टाकायची, मग पत्र्याने खरवडून टोपलीत घ्यायचं, टोपली उचलून रेल्वेच्या गाडीपर्यंत न्यायची. पदर नाकाला बांधला की श्वास कोंडतो आणि सोडला की उलटी येते, असं आजी सांगायची. चार घरांचं काम होतं. शेजारच्या बाया खिडक्या लावून आत बसल्या.

आजोबा संध्याकाळी आले, त्यांना कळलं, आणि ते आयुष्यात ओरडले नव्हते इतके ओरडले.

इथे मला थांबावं लागतं, कारण या भांडणात आजोबांचीही बाजू आहे. आमचे पूर्वज नगर जिल्ह्यातले महार. मेलेली ढोरं ओढणं, सरपण फोडणं, पाटलाचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री पळणं, ही सगळी गावकी होती. पणजोबांच्या पिढीने ती टाकली, बाप्तिस्मा घेतला, मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकली. आजोबा त्याच्या पुढची पायरी: इस्त्रीचा शर्ट, टेबल, इंग्रजीतली पत्रं. ते आजीला म्हणाले, “त्या साततालच्या ब्राह्मणाला खराटा धरू दे. त्याच्या बापजाद्यांनी कधी धरला नाही. माझ्या आज्याने जन्मभर ढोरं ओढली, ती काय शिष्य होता म्हणून?”

आजीचं उत्तर एवढंच, “अहो, त्याला कुणी विचारलं नव्हतं. मला माझ्या प्रभूने विचारलंय.”

दर गुरुवारी ती जात राहिली.

१९४० साली लखनौच्या ख्रिस्ती आश्रमातला जे होम्स स्मिथ हा अमेरिकन मिशनरी सरकारच्या डोळ्यांवर आला. ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांकडून इंग्रज सरकार निष्ठेचं वचन लिहून घेई, आणि युद्धात न विचारता ओढलेल्या हिंदुस्थानच्या बाबतीत गप्प बसणं त्याच्या सदसद्विवेकाला पटेना. त्याने व त्याच्या सोबत्यांनी ‘ख्रिस्ताग्रह’ हे नाव घेऊन जाहीरनामा काढला. नाव उघडच गांधींच्या सत्याग्रहावरून. मिशनने त्याला माघारी धाडलं. न्यूयॉर्कला जाऊन त्याने हार्लेमच्या काळ्या वस्तीत आश्रम काढला, आणि वर्णद्वेषाविरुद्ध अहिंसेने लढू पाहणारी तरुण मंडळी तिथे राहून गेली. लखनौतून हार्लेमला गेलेली ही वाट आजीला शेवटपर्यंत ठाऊक नव्हती. ती एवढंच म्हणायची, “खादीतला तो गोरा, सही केली नाही म्हणून घालवला.” पगार सोडणाऱ्या टिळकांच्या शेजारी तिने त्याला बसवून टाकलं होतं.

आजोबांनी मात्र त्या वर्षी मनात काहीतरी ठरवलं असावं. खराटा त्यांनी कधीच धरला नाही. पण कारखान्यातले आणि वस्तीतले सफाई कामगार संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊ लागले, आणि आजोबा त्यांचे अर्ज लिहून देऊ लागले. थकलेला पगार, कापलेली रजा, क्वार्टरची मागणी. ठसठशीत इंग्रजी, खाली अंगठ्याला शाई. कुणाकडून दिडकी घेतली नाही. एकदा वरच्या साहेबाने, हे उद्योग बंद करा, असं बजावलं आणि त्या वर्षीची बढती गेली. आजोबांनी ते घरी सांगितलं नाही. आजीला ते दुसऱ्या कारकुनाच्या बायकोकडून कळलं.

आजीच्या मते अर्ज लिहिणं ठीक, पण हात स्वच्छच राहतात. मला दोघांतलं आजोबांचं काम अधिक अवघड वाटतं. ज्या कामातून मोठ्या कष्टाने सुटलो त्या कामातल्या माणसांकडे पाठ न फिरवणं, आणि तरी त्या कामाला पुन्हा मान न तुकवणं, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. हे मी आजीला एकदा बोलून दाखवलं. तोवर दोघं नगरला परतली होती आणि आजोबा जाऊन चार पावसाळे झाले होते. आजी म्हणाली, “तू त्यांचीच नात. पण टोपली उचलून बघ, मग बोल.”

शेजारच्या खाटेवर पडलेली माझी आत्या म्हणाली, “आई, बढती गेली त्या वर्षी माझी फी तूच भरलीस ना, गुरुवारचे पैसे मेहतरानीला देऊन उरलेल्यातून?” त्यावर आजी काही बोलली नाही. तिने मला चहा टाकायला सांगितला.